ठराव दिल्लीला, कापूस घरात: आयात शुल्काच्या निर्णयानंतर एका गावाने काय केलं

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावाचं, 2025 च्या खरीप हंगामातलं. गावाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत, कारण ज्यांच्याशी व्यवहार झाले ते सगळे रोज एकमेकांसमोर येतात. मी गावच्या शेतकरी गटाचा सचिव आहे. कापसावरचं आयात शुल्क पुन्हा लावा अशा ज्या ठरावाबद्दल खाली लिहिलं आहे त्याचा मसुदा मीच केला होता, म्हणून काही ठिकाणी मी माझ्या चुकांबद्दलही लिहितो आहे.

पार्श्वभूमी

गावात कापूस पेरणारे खातेदार दोनशेच्या आसपास. काळी जमीन नाल्याकाठी, बाकी हलकी, बरड. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तुरीचे तास, थोडं सोयाबीन. सातबारावर नाव नसलेली पण शेती करणारी घरं वेगळी. मक्त्याने (ठरलेली रक्कम देऊन) किंवा बटईने (पिकाचा वाटा देऊन) दुसऱ्याची जमीन करणारी अशी एक्केचाळीस घरं आम्ही पुढे मोजली. आधी कोणी मोजली नव्हती. मक्ता पाडव्याच्या आसपास ठरतो, पैसे आगाऊ द्यावे लागतात आणि कागद होत नाही. कागद केला तर जमिनीला कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा तिच्यावर हक्क येईल, ही भीती मालकाच्या मनात कूळकायद्याच्या काळापासून घट्ट बसली आहे. त्यामुळे जो राबतो तो सरकारच्या कोणत्याच यादीत नसतो.

परदेशातल्या घडामोडींनी वऱ्हाडातल्या कापसाचा भाव हलावा यात नवीन काही नाही. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 ला युद्ध संपलं आणि भाव कोसळला. त्या तेजीच्या भरवशावर कर्ज काढलेली घरं सावकाराच्या दारात गेली. त्या काळच्या शेतकऱ्याला निर्णय कुठे होतो हे कळायला मार्ग नव्हता आणि मतही नव्हतं. आज मत आहे, आणि निर्णय त्याच दिवशी मोबाइलवर कळतो. या दोन गोष्टींनी गावाच्या हातात नेमकं काय येतं, हे मला या प्रकरणात जवळून पाहायला मिळालं.

आता 2025 च्या घटना. अमेरिकेने भारतीय मालावर 7 ऑगस्टपासून 25 टक्के शुल्क लावलं, आणि रशियाकडून तेल घेतो म्हणून 27 ऑगस्टपासून आणखी 25 टक्के. आपल्या तयार कपड्यांची सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ अमेरिकाच, त्यामुळे तिरुप्पूरपासून सगळीकडच्या कापड उद्योगाला धाप लागली. 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी शेतकऱ्यांच्या हितासाठी भिंतीसारखा उभा राहीन असं सांगितलं. ते भाषण आम्ही ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर ऐकलं, आणि लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. 18 तारखेला अर्थ मंत्रालयाची अधिसूचना निघाली: परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्ट ते 30 सप्टेंबर माफ. 28 ऑगस्टला ती मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली, म्हणजे आमचा जवळजवळ सगळा वेचा त्याच काळात येणार होता.

हे शुल्क 2021 च्या अर्थसंकल्पात लागलं होतं. 2022 मध्येही ते एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत माफ झालं होतं, पण तेव्हा कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, म्हणून गावात कोणी त्याकडे लक्ष दिलं नाही. या वेळी भाव आधीच पडलेला होता.

प्रश्न कुठे होता

22 ऑगस्टला पोळा होता. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची गाणी, सुरू झाल्या आणि एका म्हाताऱ्या कास्तकाराने झडतीत अमेरिकेचं नाव घेतलं. शेतकऱ्याचा राग पोळ्याला झडतीतून बाहेर पडतो ही आमच्याकडची जुनी रीत आहे. बैलं घराकडे वळली तरी चर्चा थांबली नाही. म्हातारबुवा म्हणाले, "भाव कोनं पाडला थे आधी सांगा, मंग काय कराचं थे पाहू."

मी त्यांना जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, शिकलेला हिशेब सांगितला. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. गिरणी रुई घेते. तिला परदेशातली रुई शुल्काएवढी स्वस्त पडली की ती आपल्या रुईला तेवढाच कमी भाव देऊ पाहते, आणि तो फरक जिनिंगवाला कापसाच्या भावातून वसूल करतो. हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी भारतीय कापूस निगमनेही त्याच दिवसांत आपल्याकडच्या गाठींचे विक्री दर उतरवले. कापड उद्योगाची बाजू खोटी नव्हती. कच्चा माल महाग आणि गिऱ्हाईकाच्या दारात पन्नास टक्के शुल्क, अशा कात्रीत कारखाने बंद पडले तर उद्या आपला कापूस घेणार कोण? पण वाटाघाटीच्या टेबलावर ज्याचं नावही नव्हतं त्या कोरडवाहू कास्तकाराच्या घरातून ती किंमत जाणार होती, आणि मला हे अन्यायाचं वाटतं.

एक आधार होता. केंद्राने मे महिन्यातच 2025-26 चे हमीभाव जाहीर केले होते: मध्यम धाग्याला 7710, लांब धाग्याला 8110 रुपये. आदल्या वर्षापेक्षा 589 रुपये जास्त. बाजार कितीही पडला तरी निगमच्या खरेदी केंद्रावर हा भाव मिळणार होता. पण तिथपर्यंत पोहोचायला कपास किसान ॲपवर नोंदणी हवी, त्यासाठी सातबारावर ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणाऱ्या पिकाच्या नोंदणीत) कापसाची नोंद हवी, आधारला जोडलेलं बँक खातं हवं, आणि कापसात ओल 12 टक्क्यांच्या आत हवी. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला साधारण एक टक्का कपात, 12 च्या वर गाडी परत.

म्हणजे गावासमोर दोन प्रश्न होते. एक दिल्लीत सुटणारा आणि दुसरा गावातच सुटू शकणारा. पहिल्याने आम्हाला इतकं भारून टाकलं की दुसऱ्याकडे पाहायला उशीर झाला.

समोर असलेले मार्ग

विशेष ग्रामसभा ऑगस्टच्या शेवटी बोलावली. त्यात चार मार्ग निघाले.

पहिला, आयात शुल्क पुन्हा लावावं असा ठराव करून तो तहसीलदार, जिल्हाधिकारी, खासदार आणि केंद्राकडे पाठवायचा, आणि शेजारच्या गावांना घेऊन तालुक्यावर मोर्चा काढायचा. तरुणांना हाच पटला. दुसरा, हमीभावाच्या कागदपत्रांची तयारी. तिसरा, कापूस घरात साठवून जानेवारीपर्यंत थांबणं. याला ज्येष्ठांचा विरोध होता, आणि कारणं खरी होती. घरात कापसाची गंजी असली की लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटते, ठिणगीची धास्ती राहते, आणि वेचणीची मजुरी, किराणा, दिवाळी थांबत नाही. चौथा मार्ग कोणी तोंडाने बोललं नाही, पण निम्म्या घरांत तोच ठरलेला होता: दारात येईल त्या व्यापाऱ्याला, देईल त्या भावात विकून मोकळं व्हायचं.

आदल्या दिवशी महिला सभा झाली होती. नियमाप्रमाणे ती ग्रामसभेच्या आधी होते, आणि बहुतेक गावांत ती सह्यांपुरतीच असते. आमच्याकडे त्या दिवशी बायका खरंच बसल्या. चार एकर मक्त्याने करणाऱ्या एका विधवा काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ठराव दिल्लीले पाठवा बापा, पाठवाच. पन माह्या कापसाचा कागद कोन करन?" महिला सभेने दोन मागण्या लिहून दिल्या. मक्तेदारांची यादी करा, आणि ओल मोजायचं यंत्र गावात आणा.

निर्णय, आणि तो कुठे चुकला

ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत मी आयात शुल्काचा ठराव पहिल्या क्रमांकावर घेतला. महिला सभेच्या मागण्या आयत्या वेळच्या विषयांत टाकल्या. कोणाचा अपमान करायचा हेतू नव्हता, मला तेव्हा ते किरकोळ वाटलं. अडीच तास शुल्कावर भाषणं झाली. लोक पोटतिडकीने बोलले, आणि ते ऐकताना माझाही ऊर भरून आला. ठराव एकमताने मंजूर झाला तेव्हा दिवेलागण झाली होती, निम्मी सभा उठून गेली होती. आयत्या वेळच्या विषयांवर "पुढील सभेत चर्चा करावी" एवढी ओळ इतिवृत्तात लिहिली गेली.

ठराव चुकीचा नव्हता. गावाने आपलं म्हणणं लिहून सरकारपुढे मांडणं ही लोकशाहीतली साधी आणि गरजेची गोष्ट आहे. पण शुल्कमाफीचा निर्णय कसा होतो हे मी आधी वाचायला हवं होतं. सीमाशुल्क अधिनियम 1962 च्या कलम 25 प्रमाणे केंद्र सरकार लोकहितासाठी अधिसूचना काढून शुल्कात सूट देऊ शकतं. त्यासाठी आधी संसदेत मतदान लागत नाही, अधिसूचना नंतर सभागृहापुढे ठेवली जाते. म्हणजे ज्या खासदाराला आपण निवडून देतो त्याच्या हातातही तो निर्णय आधी थांबवायला काही नसतं. हे सभेत कोणी सांगितलं असतं तर ठराव झालाच असता, पण अडीच तास गेले नसते, आणि आम्ही ठरावात शुल्क परत लावण्याबरोबर खरेदी केंद्र वेळेवर सुरू करण्याची आणि मक्तेदारांना नोंदणीत जागा देण्याची मागणी घातली असती. या दोन मागण्या जिल्हा पातळीवर कोणी तरी हातात घेऊ शकलं असतं.

ठरावाच्या प्रती गेल्या. आमच्याकडे आवक शिक्का मारलेल्या पोचपावत्या आहेत. उत्तर एकाही ठिकाणाहून आलं नाही.

पुढचे दोन आठवडे मोर्चाच्या जमवाजमवीत गेले आणि मग अतिवृष्टी आली. नाल्याकाठची पऱ्हाटी पाण्यात उभी, बोंडं काळी पडलेली. मोर्चा बारगळला. सप्टेंबरच्या मध्यात ई-पीक पाहणीत गावातल्या किती खातेदारांची नोंद झाली ते पाहिलं, तर निम्म्याहून कमी. कॉलेजला जाणारी चार पोरं आणि बचत गटाच्या दोन ताई चिखलातून बांधाबांधावर फिरल्या. शेतात उभं राहून फोटो काढल्याशिवाय नोंद होत नाही, आणि आमच्या बरडावर रेंज येत नाही. टेकडीच्या धारेवर एक पळसाचं झाड आहे, तिथे उभं राहिलं की नोंद वर जाते, हे त्यांनी शोधून काढलं. मुदतीच्या अखेरीस एकशे साठच्या वर खातेदारांची नोंद झाली. माझ्या मते त्या हंगामातलं सर्वांत मोलाचं काम हेच.

ऑक्टोबर: मक्त्याचा पेच

वेचणीच्या सुरुवातीची सीतादहीची पूजा झाली, पहिला वेचा घरात आला. तेव्हा मक्तेदारांचा प्रश्न अंगावर आला. पुन्हा सभा घेतली, या वेळी समाजमंदिरात, आणि फक्त याच विषयावर.

ग्रामसेवक भाऊंनी स्पष्ट सांगितलं की तोंडी मक्त्याचा दाखला त्यांना देता येत नाही. मग एकच वाट उरली: मालकाच्या नोंदणीवर मक्तेदाराचा कापूस घालायचा. जमीन तीच, पीक तेच, फक्त पैसे मालकाच्या खात्यात येणार. इथे भरवशाचा प्रश्न होता. पैसे जमा झाल्यापासून चार दिवसांत मक्तेदाराला द्यायचे, असं साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, असं ठरलं. त्या कागदात मक्ता हा शब्दही घातला नाही, म्हणजे मालकाला कुळाची भीती राहू नये. एक्केचाळीसपैकी बावीस घरांच्या मालकांनी सही दिली.

याच सुमारास दुसरा एक मोह आला. एक व्यापारी गावात येऊन सातबाऱ्यामागे पैसे देऊ लागला. शेतकऱ्याकडून पडक्या भावात घेतलेला कापूस त्याला शेतकऱ्याच्याच नावावर हमीभावाने घालायचा होता. अडचणीतल्या माणसाला हातात रोख दिसते तेव्हा नाही म्हणणं सोपं नसतं. गटाने सरळ नकार दिला आणि सभेत सगळ्यांसमोर सांगितला. तरी तिघांनी कागद दिले. आम्ही त्यांच्याशी भांडलो नाही. पण त्यांची हेक्टरी खरेदीची मर्यादा व्यापाऱ्याच्या मालाने भरली, आणि त्यांच्या स्वतःच्या दुसऱ्या वेच्याला केंद्रावर जागाच उरली नाही.

केंद्रावर

आमच्या भागातलं केंद्र दिवाळीनंतर सुरू झालं. गावातून पहिला पिकअप गेला तेव्हा मी सोबत होतो. रात्रभर दंव पडलेलं, कापूस ताडपत्रीखाली. प्रतवारी करणाऱ्याने गाडीत चढून कोपरापर्यंत हात खुपसला, मधल्या थरातून मूठभर काढला, आणि यंत्राचा खिळा खोचला. 13.6. त्याने मान हलवली. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. नियम नियम असतो. वाटेत दोन व्यापाऱ्यांनी गाडी अडवून साडेसहा हजार सांगितले. शेतकरी दादा गाडीच्या फाळक्यावर हात ठेवून बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "चाल, घरी वाळवू." गाडीभाडं दोनदा पडलं.

तेव्हा महिला सभेची दुसरी मागणी आठवली. ओल मोजायचं यंत्र शेवटी बचत गटानेच आणलं. समाजमंदिराच्या सिमेंटच्या ओट्यावर आणि शाळेच्या पटांगणात कापूस पसरायचा, दुपारी दोनदा पालटायचा, चार वाजता मोजायचा, दंव पडायच्या आत भरायचा. दर मोजणीला दहा रुपये. या व्यवस्थेनंतर गावातून गेलेली एकही गाडी ओलीमुळे परत आली नाही. 11 टक्क्यांवर गेलेल्या लांब धाग्याच्या मालाला कपात जाऊन 7866 रुपयांच्या आसपास पडले. त्याच आठवड्यात दारातला भाव सहा हजार सातशे होता.

निष्पत्ती

नोंदणी झालेल्या बहुतेक खातेदारांचा निम्म्याहून जास्त कापूस हमीभावाने गेला. सही मिळालेल्या बावीस मक्तेदारांपैकी एकोणीस जणांना पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले. दोन मालकांनी पुढच्या वर्षीचा मक्ता परस्पर कापून घेतला. एका घराचं प्रकरण सर्वांत वाईट झालं. मालकाचं पीककर्ज थकलेलं, बँकेने खात्याला होल्ड लावलेला, आणि मक्तेदाराच्या बारा क्विंटलचे पैसे त्यात अडकले. मालक बिचारा रोज बँकेत जायचा. अर्ध्याहून जास्त रक्कम फेब्रुवारीपर्यंत सुटली नव्हती.

सही न मिळालेल्या एकोणीस घरांनी दारातच विकला. क्विंटलमागे हजार-बाराशेचा फटका. महिला सभेत उभ्या राहिलेल्या काकू त्यांच्यातल्याच एक. त्यांनी दिवाळीच्या आधी आठ क्विंटल दिला, कारण वेचणाऱ्या बायांना किलोमागे दहा रुपयांप्रमाणे मजुरी द्यायची होती आणि त्या बाया त्यांच्याच शेजारच्या.

31 डिसेंबरला शुल्कमाफीची मुदत संपली, 1 जानेवारीपासून शुल्क परत लागलं, आणि खासगी भाव वर सरकला. थांबू शकलेल्या घरांना त्याचा फायदा झाला. पण थांबू शकलेली घरं म्हणजे नोकरीचा पगार येणारी किंवा ओलिताची. शुल्क गेलं तेव्हाचा भार गरिबावर आला आणि ते परत आलं तेव्हाचा लाभ त्याला मिळाला नाही, हे आमच्या गटाच्या वहीत नावानिशी दिसतं.

वेगळं काय करता आलं असतं

विषयपत्रिकेचा क्रम. महिला सभेच्या मागण्या पहिल्या घेतल्या असत्या, तर मक्तेदारांची यादी ऑगस्टमध्येच झाली असती आणि मालकांशी बोलायला दोन महिने मिळाले असते. ऑक्टोबरमध्ये घाईने सह्या मागितल्या तेव्हा मालकांना संशय आला, आणि तो संशय मला चुकीचा वाटत नाही.

बँक खात्याची चौकशी. कागदावर सही घेताना मालकाचं खातं मोकळं आहे का, एवढा एक प्रश्न विचारला असता तर ते एक घर वाचलं असतं. हा प्रश्न विचारायला आम्हाला संकोच वाटला. कोणाच्या कर्जाबद्दल चारचौघांत कसं विचारायचं? तो एकट्याला बाजूला घेऊन विचारता आला असता.

मोर्चाचं मात्र मी अजून ठरवू शकलेलो नाही. काहींना वाटतं तो काढायलाच हवा होता, वीस गावं एकत्र आली असती तर खरेदी केंद्र तरी लवकर सुरू झालं असतं. दुसरे म्हणतात, त्या दोन आठवड्यांत पीक पाहणी पूर्ण झाली असती. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

या वर्षी पाडव्याला मक्त्याची बोली होत असतानाच महिला सभा घेतली. यादी भिंतीवर लावली आहे, एक्केचाळीस नावं. सव्वीस नावांपुढे मालकाची सही आहे. काकूंच्या नावापुढची जागा अजून रिकामी आहे. त्यांचे मालक पुण्याला असतात. गटाच्या दोघांनी फोन केला, तेव्हा ते म्हणाले, गावाकडे आलो की पाहू.